काडी टाकणारी प्रेमिलाबाई

हिवरडोहच्या फाट्यावर उतरून पानठेल्यावर विचारा, गावात भांडणं कोण लावतं? पानठेलेवाला सुपारी कातरता कातरता सांगेल, "प्रेमिलाबाई गजभिये. गावकुसाबाहेरच्या टोलीतलं तिसरं घर." आणि हे सांगताना त्याला जराही वाईट वाटणार नाही. प्रेमिलाबाईलाही वाटत नाही. उलट कोणी तोंडावर 'आगलावी' म्हटलं की ती पदर सावरते आणि म्हणते, "कोनीतरी लावाच लागते ना गा. चुली तं साऱ्या गॅसच्या झाल्या."

बाई सदुसष्टची. एकोणतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवली, नाकं पुसली, रडणाऱ्याला उचललं आणि मारणाऱ्याला चिमटा काढला. ज्यांची नाकं पुसली ते पोट्टे आता पुण्याला, हैदराबादला, बुटीबोरीच्या कंपन्यांत. तिचा स्वतःचा अश्विनही पुण्यात. दर रविवारी फोन करतो आणि 'जेवली का' एवढं विचारून 'मीटिंग आहे' म्हणतो. नवरा नत्थू जाऊन अकरा वर्षं झाली. नागपूर इथून चाळीस किलोमीटर, सकाळी एक बस आणि संध्याकाळी एक. ज्याला जायचं तो सकाळच्या बसने गेला आणि संध्याकाळच्या बसने काही परत आला नाही. मागे राहिली म्हातारी माणसं, कुत्री आणि पाण्याची टाकी.

पण प्रेमिलाबाई पहिल्यापासून काडी टाकणारी नव्हती बरं. तिला तसं केलं कांताबाईच्या मरणाने.

कांताबाई मागच्या गल्लीत एकटी राहायची. मागच्या उन्हाळ्यात घरातल्या घरात गेली आणि गावाला समजलं तिसऱ्या दिवशी. आता हे असं गाव, की कोणाच्या कोंबडीने कोणाच्या न्हाणीत अंडं घातलं हे सकाळी आठच्या आत सगळ्यांना माहीत होतं. आणि एक अख्खी बाई गेली ते तीन दिवस कोणाला माहीत नाही! लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही सगळ्यांना, पण तेरवीच्या जेवणापर्यंतच. प्रेमिलाबाईची लाज मात्र काही गेली नाही. कारण मधल्या दोन्ही दिवशी ती त्याच दारावरून गेली होती. दार लोटलेलं दिसलं, 'झोपली असन' म्हणाली आणि पुढे गेली. हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून तिने सकाळची फेरी धरली. गावात बावीस घरं अशी, जिथे म्हातारं माणूस एकटं आहे, किंवा घरात माणसं असूनही एकटं आहे. बावीसही दारं उघडलेली बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नाही.

त्याच सुमाराला आरोग्य उपकेंद्रातली मेघा मॅडम फॉर्म घेऊन आली. पोरगी चांगली, पण शहरातली. प्रेमिलाबाई तिला घरं दाखवत फिरली. मेघा प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायची, "बाबा, तुम्हाला एकटं वाटतं का?"

देवराव लांजेवार खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. दोन्ही मुलं नागपूरला, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. प्रश्न ऐकून असे भडकले, जणू कोणी त्यांना चोर म्हटलं. "एकटं? मले? अवो मॅडम, दोन पोरं हायेत माह्ये! नातू इंग्लिश स्कूलमंदी हाये!"

मेघाने 'नाही' वर खूण केली. बावीस घरांत बावीस 'नाही'.

आता हे मेघाला कोण समजावणार, की गावात 'मला एकटं वाटतं' म्हणणं म्हणजे 'माझी पोरं नालायक निघाली' अशी स्वतःच दवंडी पिटणं! कोणता बाप पिटेल? मेघाने तरी हार मानली नाही. समाजमंदिरात दहा लाल खुर्च्या मांडल्या आणि वर पाटी लावली, 'ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र'. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन बकऱ्या येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी खुर्च्या कोणाच्या तरी साखरपुड्याला गेल्या.

"पोरी," प्रेमिलाबाई तिला म्हणाली, "ज्याचं कोनी नाही त्याची खुर्ची, अशी पाटी लावली तुनं. तिच्यावर कोन बसन वं?"

"मग काय करू, मावशी?"

ते प्रेमिलाबाईलाही माहीत नव्हतं. ते समजलं अगदी चुकून, चार दिवसांनी.

फेरीवर असताना ती देवरावांच्या दारात टेकली. देवराव भिंतीकडेच तोंड करून. गुडघ्याचं दुखणं धरून चार महिने ते फाटकाबाहेर पडले नव्हते. ही बोलत राहिली, हवेबद्दल, तुरीबद्दल, आणि बोलायला काही उरलं नाही तेव्हा सहज म्हणाली, "काल आनंदरावभाऊ सांगून राहिले होते, गावात पयला रेडिओ त्याह्यच्याच घरी आला म्हने."

देवरावांनी मान वळवली. "कोन म्हनलं?"

"आनंदरावभाऊ."

"त्याच्या घरी? त्या भोयराच्या घरी? अबे, त्याचा बाप आमच्या ओसरीवर येऊन बातम्या आयके!" आणि बघता बघता देवराव उठले. काठी घेतली, चपला घातल्या, आणि जे गुडघे फाटकापर्यंत जात नव्हते ते पंधरा मिनिटांत गाव ओलांडून आनंदराव भोयरांच्या ओट्यावर पोचले.

आनंदराव शहात्तरचे. ऐन जवानीत शंकरपटात बैल पळवलेले, आता सुनेच्या टीव्हीमागच्या खोलीत पडलेले. दारात देवराव बघून आधी त्यांना वाटलं, कोणी गेलं की काय! पण समजलं तेव्हा तेही उठून बसले. "हो, म्हनलं. काल म्हनलं नसन तं आता म्हनतो. आमच्याच घरी आला पयला. काय करतं?"

दोन तास भांडले. मधे सुनेने दोनदा चहा दिला. निघताना देवराव ओरडले, "उद्या साक्षीदार आनतो!" आनंदराव ओरडले, "आनजो! कोन आनतं पाहू!"

कोपऱ्यावर उभ्या प्रेमिलाबाईने हे सगळं ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारं माणूस मायेने घराबाहेर पडत नाही. मायेची त्याला लाज वाटते. पण त्याच्या बापाच्या रेडिओबद्दल कोणी वावगं बोललं तर ते लुगडं-धोतर सावरत धावत सुटतं!

मग काय, बाईला नवा धंदाच मिळाला. दुसऱ्या दिवशी ती वच्छलाबाईकडे गेली. वच्छलाबाई बहात्तरच्या, ऐकायला चांगल्या, बोलायला त्याहून चांगल्या. पण बोलायला समोर कोणी नाही म्हणून मांजरीशी बोलायच्या. "अवं वच्छलाबाई, तुमच्या लग्नात रेडिओ वाजला होता म्हन्ता ना? देवरावभाऊ म्हन्ते, तो भाड्याचा होता." देवराव असं काही म्हणाले नव्हते. पण वच्छलाबाई अर्ध्या वाक्यावरच शिव्या देत निघाल्या आणि साक्षीदार म्हणून त्या भांडणात पडल्या. हळूहळू सकाळी दहा वाजता आनंदरावांच्या ओट्यावर सात-आठ म्हातारी माणसं दिसायला लागली. कोणी लांजेवारांच्या बाजूने, कोणी भोयरांच्या. निकाल लागायला आला असं दिसलं की प्रेमिलाबाई नवी काडी टाकायची. "पन देवरावभाऊ, तुमच्या रेडिओले तं आवाजच नव्हता म्हने," असं म्हणून ती नळावर निघून जायची. मागे आठ दिवसांची सोय.

एकच दार मात्र काडीने पेटत नव्हतं. ते पोस्टमास्तरांचं.

कृष्णकांत पांढरीपांडे ऐंशीचे. सहासष्ट साली बाविसाव्या वर्षी गावच्या पोस्टात आले ते इथलेच झाले. गावातली निम्मी पत्रं त्यांनी वाचून दाखवली, उरलेली निम्मी लिहून दिली. प्रेमिलाबाईचा अंगणवाडीचा अर्जही त्यांनीच लिहिला होता. तेव्हा तिला म्हणाले होते, "सही करायला शिका, अंगठा देऊ नका," आणि अर्धा तास बसून सही शिकवली होती. ती सही ती अजून तशीच करते. गणपतीत त्यांच्या पत्नी, उत्तराबाई, नागपूरला धंतोलीच्या दवाखान्यात वारल्या. मास्तर त्यांचं सगळं करून गावी आले, दार लावलं आणि आत बसले. सकाळी दुधासाठी वीतभर फट उघडायची. प्रेमिलाबाईने "मास्तर, बरं हाये ना?" विचारलं की आतून "बरं आहे" येई. आवाज रोज थोडा थोडा बारीक होत होता.

डिसेंबरात त्यांचा मुलगा गौरांग आला. नागपुरात सदरला बँकेत मोठ्या जागेवर आहे. मुलगा वाईट नाही हो. वाईट असता तर सोपं होतं. निघताना प्रेमिलाबाई फाटकाशी दिसली म्हणून तिच्याजवळ थांबला. "मावशी, पुढच्या रविवारी बाबांना घेऊन जातोय. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, अदितीने खोली लावली आहे. बाबांना यायचं नाही, मला समजतं. पण इथे त्यांच्याशी बोलायला कोण आहे? एक माणूस दाखवा मला. एक दाखवा, मी नाही नेणार."

तो गेल्यावर प्रेमिलाबाईने फटीतून हाक मारली, "मास्तर, तुमाले जायचं हाये का?"

आतून आवाज आला, "नाही. पण मी शब्द दिला आहे त्याला. इथे तरी काय आहे?"

ती घरी आली आणि भाकरी थापता थापता रडली. रागाने रडली. आठ दिवस हातात होते. आणि तव्यावरची भाकरी जळायला लागली तेव्हा तिला आठवलं की त्या काळी रेडिओ ठेवायला सरकारी लायसन लागायचं, आणि ते पोस्टातून मिळायचं!

सोमवारी सकाळी ओट्यावर जाऊन तिने काडी टाकली. "अवो, भांडता काहून? मास्तरले विचारा ना. लायसनचं रजिस्टर त्याह्यच्याच हाती होतं. पन देवरावभाऊ, तुमी काही जाऊ नका. तुमाले भेव वाटत असन."

"मले? भेव?" देवराव उठलेच. आनंदराव त्यांच्या मागोमाग, आणि बाकीची सगळी फौज त्यांच्या मागे.

मास्तरांच्या दारावर देवरावांची काठी आपटली तेव्हा कुठे प्रेमिलाबाईच्या लक्षात आलं की आपण काय घोटाळा करून ठेवला. मास्तर म्हणजे सत्यवचनी माणूस. उभ्या जन्मात थाप मारली नाही. दार उघडेल, 'लांजेवार' म्हणेल किंवा 'भोयर' म्हणेल, आणि दार लावेल. म्हणजे मास्तरही गेले आणि रेडिओचं भांडणही मेलं. उद्यापासून देवराव पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. ती समोरच्या हातपंपाआड जाऊन बादलीत काहीतरी हरवल्यासारखं बघत बसली.

दार उघडलं. पूर्ण. मास्तरांची दाढी छातीला टेकायला आलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. देवराव आणि आनंदराव एकाच वेळी बोलायला लागले. मास्तरांनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे बघितलं, हातपंपाकडे.

"रजिस्टर पाहावं लागेल," ते म्हणाले. "मोठ्या पेटीत आहे. उद्या नऊला या."

दुसऱ्या दिवशी नऊला ओसरीत दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. रजिस्टर सापडलं नव्हतं, पण मास्तरांची जुनी डायरी सापडली होती. "हे बघा, सहासष्ट साल," ते गंभीरपणे म्हणाले. "भोयरांच्या घरी नागपूरच्या काकांची तार. 'आनंद नापास. काळजी नको.'"

सगळे आनंदरावांकडे वळले. साठ वर्षं हा माणूस सांगत होता की मॅट्रिक पास झालो पण वावरासाठी शिक्षण सोडलं. देवराव इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आनंदरावांनाच त्यांच्या पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या. त्यातल्या दोन बुक्क्या गरजेपेक्षा जोरात होत्या.

"आणि रेडिओ?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"उद्या," मास्तर म्हणाले.

बुधवारी रजिस्टर सापडलं नाही. देवरावांनी शाळेत असताना टपालपेटीत बेडूक टाकल्याची नोंद सापडली. गुरुवारी मास्तर दाढी करून बसले होते. शुक्रवारी ओसरीत तेरा माणसं होती आणि वच्छलाबाईंनी घरून स्वतःचा पाट आणला होता. त्या दिवशी मास्तर आत बघून म्हणाले, "प्रेमिलाबाई, चहा ठेवता का? साखर वरच्या फळीवर आहे." पांढरीपांड्यांच्या स्वयंपाकघरात टोलीतलं कोणी कधी गेलं नव्हतं. मास्तरांनी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. मग चहा झाला आणि तेराही जणांनी प्याला. वच्छलाबाईंनी दुसऱ्यांदा मागितला.

शनिवारी सगळे गेल्यावर प्रेमिलाबाई कप धूत होती. मास्तर मागे येऊन उभे राहिले.

"हे भांडण तुम्हीच लावलं ना?"

"कोन म्हन्ते?" तिने मागे न बघता विचारलं.

"चाळीस वर्षं पोस्टात काढली. पाकीट न फोडता आतलं समजतं मला."

ती हसली. मग तिलाही राहवेना. "आन् तुमी? सोमवारपासून रजिस्टर शोधून राहिले. पेटी तं एवढीशी हाये!"

"रजिस्टर सोमवारीच सापडलं होतं," मास्तर म्हणाले. मग त्यांचा आवाज पडला. "पण उद्या रविवार आहे. शब्द दिला आहे, प्रेमिलाबाई. हे सहा दिवस फार बरे गेले. एवढंच."

सहा दिवस जीव काढून पेटवलेलं सगळं त्या एका शब्दाने विझलं होतं. प्रेमिलाबाईला मास्तरांचा असा राग आला की ती कप तसेच टाकून घरी गेली.

रविवारी गौरांगची गाडी आली. मास्तरांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. दोन बॅगा डिकीत गेल्या. ओसरीसमोर सगळे जमलेले, आणि देवराव गाडीच्या दारालाच काठी लावून उभे. "मास्तर, निकाल देल्याशिवाय जाऊ नाही देत!"

"अबे हो, हा पळून चालला!" आनंदराव म्हणाले.

गौरांग बिचारा घाबरला. "बाबा, काय असेल ते सांगून टाका ना यांना. ऊन व्हायच्या आत पोचू."

मास्तरांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. पिवळं पडलेलं, कोपरे खाल्लेलं. चष्मा पुसला आणि वाचलं, "एकोणीसशे सदुसष्ट. मौजे हिवरडोह. पहिलं लायसन. नाव, डोमाजी सोनबा गजभिये. राहणार टोली."

कोणाला काही समजेना. प्रेमिलाबाईला सगळ्यात शेवटी समजलं. डोमाजी म्हणजे तिचे सासरे. नागपूरच्या गिरणीत कामाला होते आणि दर शनिवारी सायकलने गावी यायचे.

"खोटं!" देवराव ओरडले. "टोलीत रेडिओ? मंग आमाले काहून नाही माहीत?"

"तुम्ही टोलीत कधी गेले होते तेव्हा?" मास्तरांनी विचारलं.

देवरावांची काठी खाली आली. आनंदराव जमिनीकडे बघायला लागले.

"लायसन घेताना डोमाजी मला म्हणाले, मास्तर, गावात सांगू नका. लोकांच्या डोळ्यांत येईल, पोरांना त्रास होईल. चादरीखाली घेऊन, आवाज बारीक करून ऐकायचे ते. मी सत्तावन्न वर्षं सांगितलं नाही. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. आता वाटत नाही."

प्रेमिलाबाईला नवरा आठवला. नत्थू म्हणायचा, आमच्या घरी बोलती पेटी होती, बहिणीच्या आजारपणात विकली. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात धड कंदील नव्हता. आयुष्यभर तिने त्याला फेकाड्या म्हटलं. पाहुण्यांसमोरही म्हटलं, आणि तो हसून गप्प बसायचा. अरे नत्थू, खरं बोलत होता रे तू!

पण देवराव म्हणजे देवराव. दोन मिनिटांत त्यांनी पुन्हा काठी उचलली. "पन मास्तर! लायसन म्हंजे रेडिओ होय का? लायसन काढलं आन् रेडिओ घेतलाच नाही तं? पाह्यला कोनं?"

"बरोबर हाये!" आनंदराव म्हणाले. साठ वर्षांत ते पहिल्यांदा देवरावांच्या बाजूने बोलले. "लायसनवर मी नाही मानत!"

"म्हणजे माझं रजिस्टर खोटं?" मास्तरांचा आवाज चढला.

"रजिस्टर नाही, तुमी खोटे!"

"मी खोटा?" मास्तर असे कडाडले की शेजारच्या भिंतीवरचं मांजर खाली उडी मारून पळालं. ते गौरांगकडे वळले. "बॅगा उतरव. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, एक डाग नाही. माझ्यावर आरोप ठेवून राहिले हे. याचा निकाल लागल्याशिवाय मी गाव सोडू शकत नाही."

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता."

"तो मोडला. लिहून घे."

"आणि हा निकाल कधी लागेल?"

मास्तरांनी देवराव आणि आनंदरावांकडे नीट बघितलं. "या दोघांना ओळखतोस ना? दहा-बारा वर्षं धर."

गौरांग गाडीला टेकून उभा राहिला. बापाला ओरडताना त्याने आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. त्याने फाटकातल्या त्या ओरडणाऱ्या तेरा-चौदा तोंडांकडे बघितलं, मग प्रेमिलाबाईकडे. "मावशी, मी एकच माणूस मागितला होता," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने डिकी उघडली आणि दोन्ही बॅगा स्वतः आत नेऊन ठेवल्या.

"चला," मास्तर म्हणाले, "आता जागेवर जाऊन पाहणी. टोलीत. साक्षीपुरावा प्रेमिलाबाईंच्या घरी मिळेल."

"माह्या घरी कायचा पुरावा?" प्रेमिलाबाई ओरडली. "पेटी कवाच इकली! मास्तर, मले मधात काहून ओढून राहिले?"

पण कोण ऐकतं! वरात निघालीसुद्धा. मास्तर सगळ्यांच्या पुढे, काठीशिवाय.

तिच्या अंगणात कोणी उपड्या घमेल्यावर बसलं, कोणी पायरीवर, वच्छलाबाई आपल्या पाटावर. रेडिओ कोणत्या कोनाड्यात असेल यावरून देवराव आणि आनंदरावांचं लगेच पुन्हा फाटलं. प्रेमिलाबाई आत गेली, गॅसवर चहाचं मोठं गंज ठेवलं आणि तिथेच पदर तोंडाला लावून उभी राहिली.

मास्तर उंबऱ्याशी आले. हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही रोज बावीस घरं पाहता. तुम्ही पडल्या तर कोण पाहणार? काल तुम्ही रागाने गेल्या आणि मला रात्रभर तोच विचार. म्हणून ओढलं मधात."

"मले काय झालं?" ती म्हणाली. "मी तं बरी हाये." आणि म्हणता म्हणता तिला हुंदका आला, कारण हेच ती दर रविवारी अश्विनला सांगत होती, आणि ते अकरा वर्षं खोटं होतं.

"प्रेमिला वं!" बाहेरून देवराव ओरडले. "रडून काय राहिली? चहा आन! आनंद्या, सरक तिकडे, कोनाडा दिसू दे!"

ती डोळे पुसून चहा घेऊन बाहेर आली. दारात चपलाच चपला पडल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. नत्थू गेला त्या दिवसानंतर इतक्या चपला या दारात आजच आल्या होत्या, आणि आज कोणी मेलेलं नव्हतं.